चोरखिसा, फॉरेन एडिशन

लीव्ह मंजूर झालीय. तिकिटं काढून झालीयत. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून 'चलो बँकॉक' झालंय आणि फुकेतला दोन दिवस द्यायचे की तीन, यावर रोज रात्री जेवणं झाली की महाभारत रंगतंय. कुणी नवा गॉगल घेतलाय, कुणी मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाऊच. चौघांच्या या ग्रुपवर एक विषय मात्र अजून निघालेलाच नाही. पैसे न्यायचे कसे?

विषय काढून बघा. पहिला म्हणेल, 'कार्ड आहे ना यार!' दुसरी म्हणेल, 'एअरपोर्टवर घेऊ की डॉलर, दहा मिनिटांचं काम.' तिसऱ्याचा यूपीआयवर इतका विश्वास की त्याच्या खिशात शेवटची नोट कधी होती हे त्यालाही आठवत नाही. आणि चौथ्याची आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगेल, 'अरे, पँटला आतून चोरखिसा शिवून देते, निम्मे पैसे त्यात ठेव!' सगळे खो खो हसतील. पण खरं सांगायचं तर या चर्चेतलं सगळ्यात शहाणं वाक्य त्या माउलीचंच. चोरखिसा सोडा हवं तर, पण 'निम्मे' हा शब्द लाखमोलाचा आहे.

पहिली फॉरेन ट्रिप म्हणजे बहुतेकांसाठी वर्ष-दीड वर्षाची बचत. ती उडवायला जायचं, मजेतच उडवायची, पण आपल्या हाताने. होतं काय, आपण घाबरतो पाकीटमाराला. तो असतोच, नाही असं नाही. पण तो शंभरातल्या एकाला गाठतो. एक्स्चेंजचं काउंटर, एटीएमचं स्क्रीन आणि दुकानातलं स्वाइप मशीन मात्र प्रत्येकाला गाठतं आणि हसतमुखाने थोडं थोडं काढून घेतं. आणि खरी पाचावर धारण बसते ती चोरी झाल्यावरही नाही. रात्री अकरा वाजता, अनोळखी शहरात, खात्यात पैसे असूनही कार्ड 'डिक्लाइन्ड' म्हणतं तेव्हा!

दहा हजारांचे किती?

सुरुवात घरापासून. गूगलवर जो दर दिसतो तो बँकांचा आपापसातला. तुम्हाला-मला तो मिळत नाही, त्यामुळे तो दाखवून काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मनी चेंजरच्या बोर्डावर दोन आकडे असतात, 'बाय' आणि 'सेल'. हे शब्द त्याच्या बाजूचे. आपल्याला डॉलर घ्यायचेत म्हणजे तो विकणार, तेव्हा आपण बघायचा तो 'सेल'. या दोन आकड्यांत जितकं अंतर जास्त, तितकी त्याची कमाई जास्त. 'झिरो कमिशन' असं लाल अक्षरात लिहिलेलं असेल तर खुश होऊ नका. कमिशन त्या अंतरातच बसलेलं असतं.

एकच फंडा लक्षात ठेवा. भाव, कमिशन, टॅक्स वगैरे सगळं बाजूला ठेवून विचारायचं, 'मी दहा हजार रुपये दिले तर हातात नक्की किती येणार?' फोर्टमधल्या दोन-तीन ठिकाणी किंवा पुण्यात कॅम्पात फोन करून हाच प्रश्न विचारा. बँकेलाही विचारा. उत्तरं वेगवेगळी येतात आणि फरक एका चांगल्या डिनरइतका असू शकतो. एअरपोर्टचं काउंटर या यादीत बहुधा तळाला असतं, कारण तिथे आलेल्या माणसाला दुसरीकडे जायची सोय नसते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. जाताना आपलं एअरपोर्ट आणि उतरल्यावर तिथलं, दोन्हीकडे हेच.

मग बाट इथूनच घ्यायचे की डॉलर नेऊन तिथे बदलायचे? थायलंडसाठी बरेच जुने खिलाडी दुसरा मार्ग धरतात. आपल्याकडे बाटाला डॉलरइतकं गिऱ्हाईक नाही, त्यामुळे भाव ताणलेला असतो. उलट बँकॉकमध्ये डॉलर बदलून देणाऱ्यांमध्ये जोरदार स्पर्धा आहे. 'सुपररिच' नावाची हिरव्या आणि नारिंगी बोर्डांची दुकानं तिथे प्रसिद्ध आहेत. सुवर्णभूमी एअरपोर्टवरसुद्धा वरच्या मजल्यावरच्या चकाचक काउंटरांपेक्षा तळघरात, रेल लिंकच्या स्टेशनजवळ, बरा भाव मिळतो. पासपोर्ट मात्र दाखवावा लागतो. तरी डोळे मिटून जाऊ नका. रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे बाट अशी दोनदा कात्री लागणार आहे, तेव्हा दहा हजारांचा हिशोब दोन्ही बाजूंनी करा. टॅक्सी, पाणी, सिमकार्ड यापुरते थोडे बाट इथूनच घ्या, म्हणजे उतरल्या उतरल्या मिळेल तो भाव घ्यायची पाळी येणार नाही.

डॉलर घेताना नोटा निरखून घ्या. कोऱ्या, न मुडपलेल्या, पेनाची रेघ किंवा शिक्का नसलेल्या. आपल्याकडे नोटेवर फोन नंबर लिहायचीही पद्धत, पण आशियातले कित्येक मनी चेंजर डागाळलेली किंवा जुन्या डिझाइनची डॉलरची नोट सरळ परत करतात, नाहीतर कमी भाव देतात. शंभराच्या नोटेला सहसा सुट्ट्या पाच-दहापेक्षा भाव चांगला मिळतो. लंडनला राहून आलेल्या काकांनी प्रेमाने पाउंड दिले असतील तर तेही तपासा. इंग्लंडमधल्या कागदी २० आणि ५० पाउंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांतून बाद झाल्या. त्या आता बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घेता येतात.

आता थोडे नियम, पटकन. नोटांच्या रूपात एका ट्रिपला सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकीचे कार्डावर. मोजक्या काही देशांसाठी ही मर्यादा वेगळी आहे. ५० हजार किंवा त्यावर रकमेचं परकीय चलन घ्यायचं असेल तर रोख रुपये चालत नाहीत, चेक किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. भारतीय रुपये नेपाळ-भूतान सोडून इतरत्र २५ हजारांपर्यंतच बाळगता येतात. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, पण तो जिवावर येण्याइतका नाही. लाखभर रुपयांच्या व्यवहारावर १८० रुपये. पावती जपून ठेवा, कस्टम्सवाल्यांनी विचारलं तर तोच पुरावा. एकूण वर्षाची मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर आहे, तेव्हा आपल्यासारख्यांनी तिची काळजी करायचं कारण नाही! हीच योजना २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती. आणि त्याच्या आधीच्या पिढीतले लोक खिशात मोजके डॉलर घेऊन अमेरिकेला उतरल्याच्या गोष्टी सांगतात, त्या उगाच नाहीत.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर बिलात टीसीएस दिसेल. तो खर्च नव्हे, तुमच्या नावावर आधीच भरला गेलेला इन्कम टॅक्स आहे. रिटर्न भरताना तो वळता करून घ्या. बजेटागणिक त्याचे दर बदलत आलेत, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घेतलेला बरा.

मशीन गोड बोलतं तेव्हा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ही एक कळली तरी या अंकाचे पैसे वसूल!

तुम्ही सियाममधल्या मॉलमध्ये शॉपिंग केलीत. बिल झालं ८,००० बाट. कार्ड दिलंत. काउंटरवरची मुलगी गोड हसून मशीन तुमच्यासमोर धरते. त्यावर दोन पर्याय: बाटमध्ये पैसे द्या, किंवा रुपयांत. रुपयांचा आकडा समोर स्पष्ट लिहिलेला. आपल्याला किती बरं वाटतं! परक्या देशात आपला रुपया ओळखीच्या माणसासारखा भेटतो. डोक्यात गुणाकार करायचा त्रास नको, घरी गेल्यावर स्टेटमेंटमध्ये धक्का नको. आपण रुपयांवर बोट ठेवतो. आणि तिथेच फसतो.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. तुमच्या बँकेऐवजी त्या दुकानाच्या मशीनमागची कंपनी चलन बदलून देते आणि त्या सेवेचा मोबदला भावातच वसूल करते. भाव ती ठरवते, त्यामुळे तो तुमच्या फायद्याचा असण्याची शक्यता फारच कमी. समजा या भावात पाच टक्के जास्त गेले, तर २० हजार रुपयांच्या खरेदीवर हजार रुपये हवेत. आणि गंमत पुढेच आहे. रुपयांत पैसे दिले म्हणजे आपल्या बँकेचा परदेशी व्यवहाराचा चार्ज वाचला असं वाटतं ना? कित्येक भारतीय बँका परदेशातल्या दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही वेगळा चार्ज लावतात. म्हणजे एका बिलावर दोन ठिकाणी चुना.

उपाय एका वाक्याचा. मशीनने काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचं, तिथलं चलन. थायलंडमध्ये बाट, युरोपात युरो, दुबईत दिऱ्हॅम. हा निर्णय कार्ड वापरणाऱ्याचा असतो, दुकानदाराचा नाही. कधी कधी काउंटरवरचा माणूस तुम्हाला न विचारताच रुपयांचं बटण दाबून मोकळा होतो. म्हणून सही करण्याआधी किंवा पिन टाकण्याआधी स्लिपवर कुठलं चलन छापलंय ते वाचा. रुपये दिसले तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. मागे रांग लागलेली असते, आपल्याला ओशाळल्यासारखं होतं, पण भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या समाजाचे आपण प्रतिनिधी आहोत, इथे का लाजायचं?

एटीएमचं प्रकरण याहून बेरकी. तिथे प्रश्न असा येतो: 'कन्व्हर्जन स्वीकारता की नाकारता?' नाकारलं तर पैसेच येणार नाहीत अशी भीती वाटावी, असाच तो स्क्रीन रचलेला असतो. नाकारा बिनधास्त. पैसे येतात. फक्त भाव त्या मशीनवाल्याचा न लागता कार्डाच्या नेटवर्कचा आणि तुमच्या बँकेचा लागतो, जो बहुतेक वेळा बरा असतो. युरोपच्या टुरिस्ट चौकांमध्ये बँकांची नसलेली, स्वतंत्र कंपन्यांची एटीएम पावलोपावली दिसतात. तिथे तर हा प्रश्न दोन-दोन वेळा, वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. शक्यतो खऱ्या बँकेच्या भिंतीतलं मशीन गाठा. कार्ड अडकलं तर आत जाऊन विचारता तरी येतं.

थायलंडमध्ये आणखी एक गोष्ट आहे. परदेशी कार्डाने पैसे काढले की दर वेळी दोनशे बाटच्या वर फी कापली जाते, हजार काढा की दहा हजार. म्हणून रोज थोडे थोडे काढायची आपली सवय तिथे महाग पडते. एकदाच जास्त काढा, तर जवळ बाळगायची जोखीम. माझं मत विचाराल तर एटीएम हा थायलंडमध्ये दुसरा पर्याय ठेवावा, पहिला नव्हे. आणि पैसे हातात आले की लगेच वळू नका. काही मशीन आधी नोटा देतात आणि मग कार्ड. नोटा मोजण्याच्या नादात कार्ड मशीनमध्येच राहतं.

कुठलं कार्ड कशाला

कार्ड म्हटलं की सगळी सारखी नाहीत. आपलं रोजचं क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बँक सहसा दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. काही कार्डं शून्य मार्कअपची असतात, तुमचं तसं आहे का ते बघा. हॉटेलच्या चेक-इनला आणि भाड्याच्या गाडीला मात्र क्रेडिट कार्डच पुढे करा. कारण ते डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर तेवढी लिमिट अडकते, फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि ते सुटायला ट्रिप संपून जाते. क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश काढण्याच्या भानगडीत पडू नका. फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच पैसे भरलेलं कार्ड. भाव भरतानाच ठरतो, नंतर रुपया घसरला तरी झोप उडत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ते तुमच्या सॅलरी अकाउंटला जोडलेलं नसतं. गेलंच तर त्यातले गेले, खातं शाबूत. पण घेताना विचारा, यावर बाट भरता येतात का? फक्त डॉलर भरून थायलंडला गेलात तर प्रत्येक खरेदीला पुन्हा चलन बदलल्याचा चार्ज लागतो. पूर्वी हे काम ट्रॅव्हलर्स चेक करायचे. १८९१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने ते काढले आणि शंभर वर्षं ते चाललेही: एक सही घेताना, दुसरी वटवताना. आता ते घेऊन दुकानात गेलात तर विशीतला कॅशियर मॅनेजरला बोलावील.

आणि यूपीआय? भूतान, सिंगापूर, यूएई, मॉरिशस, श्रीलंका, नेपाळ, फ्रान्स अशा काही देशांत ठरावीक दुकानांत ते चालतं. २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ते सुरू झालं तेव्हा आपली कॉलर ताठ झाली होती. पण क्यूआर कोड दिसला म्हणजे आपलं ॲप चालेलच असं नाही. रस्त्यावरच्या पॅड थायच्या गाडीवरचा क्यूआर त्यांच्या सिस्टिमचा असतो. यूपीआयवर विसंबून जाणाऱ्या ग्रुपमधल्या तिसऱ्याला हे वाक्य फॉरवर्ड करा.

कार्ड आहे, पण चालत नाही

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनपुरतं चालू असतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर, टॅप करून पैसे देणं, हे सगळं तुम्ही स्वतः ॲपमध्ये जाऊन चालू करायचं असतं. नियम आपल्याच भल्याचा आहे, पण कित्येकांना त्याचा शोध हॉटेलच्या रिसेप्शनवर लागतो. तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी स्विच चालू करा आणि शेजारीच असलेली लिमिटही ठरवा. दिवसाला ४० हजारांपेक्षा जास्त खर्च होणार नसेल तर चार लाखांची लिमिट कुणासाठी उघडी ठेवताय? परदेशी वेबसाइट्सवर खरेदी करणार नसाल तर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंदच असू द्या. तिथे ओटीपी विचारला जाईलच असं नाही. नुसता नंबर आणि मागचे तीन आकडे असले की काम भागू शकतं.

ओटीपीवरून आठवलं. एअरपोर्टवर उतरल्यावर आपण टुरिस्ट सिम घेतो, आपलं सिम काढून पाकिटाच्या कुठल्यातरी कप्प्यात टाकतो आणि रात्री बँकेचा ओटीपी त्या कप्प्यातल्या सिमवर येत राहतो! फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर डेटासाठी ती घ्या आणि आपलं सिम जागेवर राहू द्या. त्यावर रोमिंग इथूनच चालू करून निघा.

कॉन्ट्री कुणाकडे?

आपल्या ट्रिपचा एक ठरलेला सीन असतो. सगळ्यांनी कॉन्ट्री काढायची आणि ग्रुपमधल्या सगळ्यात जबाबदार मुलीच्या पर्समध्ये टाकायची. हिशोबाला सोयीचं, मान्य. पण नाइट मार्केटच्या गर्दीत ती पर्स म्हणजे चौघांची ट्रिप. कॉन्ट्री त्या दिवसापुरतीच काढा. उरलेले पैसे ज्याचे त्याच्याकडे, तेही दोन ठिकाणी विभागून.

इथे त्या आईचा 'निम्मे'वाला हिशोब लावा. दिवसाची कॅश आणि एक कार्ड अंगावर, पुढच्या खिशात. पासपोर्ट, दुसरं कार्ड आणि राखीव डॉलर हॉटेलच्या लॉकरमध्ये किंवा प्रवासात कपड्यांच्या आतल्या पट्ट्यात. चेक-इन बॅगेत कधीच काही नाही. दोन कार्डं एकाच पाकिटात ठेवणाऱ्याने दुसरं कार्ड घेतलंच नाही असं समजावं. ग्रुपमध्ये एक युक्ती छान चालते: तुमचं राखीव कार्ड मित्राच्या बॅगेत, त्याचं तुमच्या. एकाची बॅग गेली तरी दोघंही रस्त्यावर येत नाहीत. अर्थात मित्र नीट निवडा.

चार्टवर वरच्या नंबरला असलेले खेळही माहीत करून घ्या. पॅरिसची मेट्रो, बार्सिलोनाची ला रांब्ला इथे हात सफाईने चालतात. दारापाशी उभं राहून नकाशा बघू नका. बालीत 'सर्वांत जास्त भाव' लिहिलेल्या गल्लीतल्या टपरीवर तुमच्यासमोर नोटा मोजतात आणि शेवटच्या क्षणी चार-पाच नोटा टेबलाखाली जातात. म्हणून शेवटची मोजणी तुमच्या हाताने, आणि एकदा मोजल्यावर गठ्ठा परत त्याच्या हातात द्यायचा नाही. व्हिएतनाममध्ये २० हजार आणि ५ लाख डाँगच्या नोटा दोन्ही निळसर. संध्याकाळच्या अंधूक उजेडात टॅक्सीवाल्याला पंचवीसपट भाडं देऊन बसाल. फुकेत-पट्टायाला जेट-स्की किंवा स्कूटर भाड्याने घेताना डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागतात. देऊ नका. परत करताना आधीचाच एखादा ओरखडा दाखवून भरपाई मागायचा धंदा तिथे जुना आहे, आणि पासपोर्ट त्याच्याकडे असला की तुमचं बोलणंच खुंटतं. घ्यायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा. त्यांच्यासमोर काढा.

जाता जाता एक: थाई नोटा-नाण्यांवर राजाचं चित्र असतं. घरंगळणारं नाणं थांबवायला त्यावर पाय ठेवलात तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. आपल्याकडे पैशाला पाय लागला की आपण नमस्कार करतोच, ती सवय तिथे कामी येईल.

गेलंच तर?

सगळी काळजी घेऊनही कार्ड गेलं, तर पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. ॲप उघडून कार्ड ब्लॉक करा. फोनही त्याच पर्समध्ये होता? मग मित्राच्या फोनवरून बँकेला फोन. आता दोन अडचणी. बँकेचा नंबर असतो कार्डाच्या मागे, आणि कार्ड तर गेलंय. दुसरी म्हणजे १८०० ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर परदेशातून बहुधा लागतच नाहीत. त्यासाठी बँकेचा +९१ ने सुरू होणारा वेगळा नंबर असतो. तो आजच शोधा आणि चक्क कागदावर लिहा. दोन कागदांवर. सोबत कार्डाचे शेवटचे चार आकडे. पिन नव्हे हं! फोन गेला असेल तर सिमही बंद करायला घरच्यांना सांगा, कारण ओटीपी तिथेच येणार आहेत.

तक्रारीचा नंबर घ्या, ई-मेलही टाका. 'घरी गेल्यावर बघू' हे इथे चालत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमाचा गाभा असा की चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, मधल्या यंत्रणेतून पैसे गेले, आणि तुम्ही बँकेकडून मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. चार ते सात दिवस लागले तर काही रक्कम सोसावी लागते. आणि पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल किंवा कार्डाला चिकटवून ठेवला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. म्हणून एसएमएस अलर्ट बंद करू नका, त्यांचा कितीही वैताग आला तरी.

पोलिसांत तक्रार नोंदवा, तिचा कागद इन्शुरन्ससाठी लागतो. थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय दूतावास गाठायचा, तिथून घरी परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत असतील तर हे काम बरंच सोपं होतं. पैशांचं म्हणाल तर घरच्यांनी इथून फॉरेक्स कार्डात पैसे भरणं हा सगळ्यात जवळचा मार्ग, पण त्यासाठी लॉकरमध्ये दुसरं, चालू असलेलं कार्ड हवं. बऱ्याच बँका मागितलं तर जोडीचं जादा कार्ड देतात. मागा.

परत आल्यावर

बेल्टवर बॅग यायला वेळ असतोच. तेवढ्यात ॲप उघडून इंटरनॅशनलचं स्विच बंद करून टाका. पुढचे दोन महिने स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचा. हॉटेलने अडकवलेलं डिपॉझिट सुटलं का, एकच बिल दोनदा आलं का, हे तिथेच कळतं. उरलेल्या परदेशी नोटा २,००० डॉलरपर्यंतच्या किमतीच्या असतील तर पुढच्या ट्रिपसाठी खुशाल ठेवा. त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत बदलून घ्यायच्या असतात. फॉरेक्स कार्डावर शिल्लक असेल तर ती काढून घ्या, कारण काही कार्डं पडून राहिली की त्यातून हळूच फी कापली जाते.

नाणी मात्र इथला कुठलाही मनी चेंजर सहसा घेत नाही. ती तिथल्याच एअरपोर्टवर पाण्याची बाटली घेऊन संपवा, नाहीतर भाच्यासाठी ठेवा. राजाचं चित्र दाखवून त्याला सांगायला एक गोष्ट तरी होईल.